डिझेल हे आडनाव आहे

डिझेल हा शब्द आपण पंपावर ऐकतो, एसटी स्टँडवर ऐकतो, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री लाइट गेले की हॉस्टेलमध्ये तर त्याचा जपच सुरू होतो. जनरेटरमध्ये डिझेल आहे का, एवढा एकच प्रश्न तेव्हा सगळ्या ब्रँचच्या पोरांना पडलेला असतो. पण हे कुठल्या तेलाचं नाव नसून एका माणसाचं आडनाव आहे, हे त्या वेळी कुणाच्या डोक्यात येत असेल? न्यूटन, वॅट, ओम यांची नावं एककांना मिळाली. कार्नो, रँकिन, ऑटो सायकलींना चिकटले. हा एकटाच असा की ज्याचं आडनाव लिटरवर विकलं जातं!

आपल्या थर्मलच्या पुस्तकात त्याच्यावर जेमतेम दोन ओळी असतात आणि मग थेट पी-व्ही डायग्राम येतो. त्या डायग्राममध्ये वरती एक आडवी रेषा असते, कॉन्स्टंट प्रेशरची. आपण ती स्केलने मारतो, मार्क घेतो आणि पुढे जातो. त्या एका आडव्या रेषेपायी या माणसाची उमेदीची वर्षं गेली, तब्येत गेली, आणि शेवटी तिच्यावरूनच मोठमोठ्या प्रोफेसरांनी त्याला भर सभेत धारेवर धरलं. म्हणून म्हटलं, यंदा याच्यावरच लिहावं. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. कंप्रेशनला संपीडन म्हणायला जीभ वळत नाही, तेव्हा सांभाळून घ्या.)

रुडॉल्फ डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ चा, आणि तोही पॅरिसमधला. आईवडील मात्र जर्मन, बव्हेरियातले. वडील थिओडोर मूळचे ऑग्सबर्गचे, व्यवसायाने बुकबाइंडर, पॅरिसमध्ये चामड्याच्या वस्तू बनवायचे. घरचाच छोटा कारखाना. लहानपणी रुडॉल्फ तयार माल गिऱ्हाइकांकडे पोचवायला जायचा. पॅरिसमध्ये यंत्रांचं एक मोठं संग्रहालय आहे, तिथे जुनी वाफेची गाडी ठेवलेली आहे. हा मुलगा तिथे तासन्‌तास रमायचा. कारागिराच्या घरातलं हे बालपण लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध सुरू झालं आणि पॅरिसमधले जर्मन एका रात्रीत परके झाले. डिझेल कुटुंबाला सगळं सोडून लंडन गाठावं लागलं. तिथे ना काम, ना ओळखी. शेवटी आईने १२ वर्षांच्या रुडॉल्फला एकट्याला ऑग्सबर्गला धाडून दिलं, नातेवाइकांकडे. तिथले काका बार्निकेल एका टेक्निकल शाळेत गणित शिकवायचे. फ्रेंच बोलणारा हा पोरगा युद्धाच्या दिवसांत जर्मनीत येऊन पडला, भाषा बदलली, घर बदललं, आणि तरी १८७३ ला शाळेत पहिला आला. इंजिनिअर व्हायचं हे त्याने चौदाव्या वर्षीच ठरवून टाकलं होतं आणि तसं आईवडिलांना पत्राने कळवलंही होतं. घरच्यांचं म्हणणं वेगळं होतं. पैशाची चणचण, तेव्हा मुलाने आता कमवावं. पण १८७५ मध्ये त्याला म्युनिकच्या पॉलिटेक्निकची स्कॉलरशिप मिळाली आणि त्याने ती घेतली. ही भांडणं आपल्याला काही नवीन नाहीत.

म्युनिकमध्ये त्याला भेटले कार्ल फॉन लिंडे. रेफ्रिजरेशनच्या धड्यात ज्यांचं नाव येतं तेच हे लिंडे सर. एका लेक्चरला ते सांगत होते की वाफेचं इंजिन कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम ६ ते १० टक्क्यांचं काम करतं, बाकीची वाया जाते. आणि कार्नोच्या सिद्धांताप्रमाणे तर यापेक्षा कितीतरी जास्त शक्य आहे. वर्गातल्या बाकीच्यांनी ते वहीत उतरवून घेतलं असेल. डिझेलने वहीच्या मार्जिनमध्ये स्वतःसाठी एक टीप करून ठेवली, की हे प्रत्यक्षात आणता येतं का ते बघायचं. पुढची पंधरा-सोळा वर्षं ती टीप काही त्याला सोडणार नव्हती.

१८७९ च्या जुलैमध्ये फायनलची परीक्षा होती आणि ऐन वेळी त्याला टायफॉइड झाला. परीक्षा हुकली. पुढच्या परीक्षेपर्यंतच्या वेळात तो स्वित्झर्लंडमध्ये विंटरथूरला सुल्झर कंपनीच्या वर्कशॉपमध्ये काम करायला गेला, कानस आणि हातोडा हातात घेऊन. १८८० च्या जानेवारीत परीक्षा दिली आणि उत्तम मार्कांनी पास झाला. नंतर लिंडे सरांच्याच बर्फ बनवण्याच्या धंद्यात पॅरिसला नोकरी लागली, वर्षभरात तिथल्या कारखान्याचा डायरेक्टर झाला. १८८३ मध्ये मार्था फ्लाशेशी लग्न, पुढे तीन मुलं. १८९० मध्ये बर्लिनला बदली. वरवर पाहिलं तर सगळं सेट होतं.

पण नोकरी सांभाळून याचे उद्योग वेगळेच चालले होते. काही वर्षं त्याने वाफेऐवजी अमोनियावर चालणाऱ्या इंजिनाच्या मागे घालवली. त्यातून काही हाती आलं नाही. मग तो साध्या हवेकडे वळला. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम होतं, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. हवा दाबली की तापते. खूप दाबली तर इतकी तापेल की तिच्यात तेलाचा फवारा सोडताच तो आपोआप पेट घेईल. मग ठिणगी नको, स्पार्क प्लग नको, बाहेरची ज्योत नको. फेब्रुवारी १८९२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, पुढच्या वर्षी ते मिळालं, आणि १८९३ मध्येच त्याने आपल्या कल्पनेवर एक पुस्तक छापलं. त्यातलं गणित वाचून आजही चक्रावायला होतं. दाब तब्बल २५० अॅटमॉस्फिअर! कार्यक्षमता ७० टक्क्यांच्या पुढे! ज्वलन असं हळू आणि मोजून करायचं की तेल जळत असताना टेंपरेचर वाढणारच नाही, म्हणजे आयसोथर्मल.

आणि आता खरी गंमत. टेंपरेचर वाढणारच नसेल तर इंजिन थंड करायचं कशाला? उलट थंड करायचं म्हणजे कमावलेली उष्णता फेकून द्यायची. म्हणून डिझेलच्या पहिल्या इंजिनाला पाण्याचं जॅकेटच नव्हतं. कूलिंग हा प्रकारच त्याच्या कल्पनेत बसत नव्हता.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला एकदम एक ट्रकचा पंखा आठवला. थोडं विषयांतर करते, पण ते डिझेलपासून फार लांब नाही.

मागच्या सुट्टीत मी हायवेवरच्या एका ट्रक गॅरेजमध्ये महिनाभर जात होते. तिथे एक गाडी आली. ड्रायव्हरची तक्रार अशी की गाडी घाट नीट चढत नाही, अॅव्हरेज पडलंय, आणि बॉनेटखालून सारखा विमानासारखा आवाज येतो. गॅरेजमधले मोठे मेकॅनिक, ज्यांना सगळे उस्ताद म्हणायचे, ते नुसतं ऐकूनच म्हणाले की फॅन क्लच जाम झालाय. ट्रकच्या रेडिएटरमागे मोठा पंखा असतो. पूर्ण वेगात फिरताना तो इंजिनाची २०-३० हॉर्सपॉवर सहज खातो, मोठ्या गाडीत त्याहून जास्त. पण गाडी हायवेला वेगात असताना समोरून येणारा वाराच रेडिएटरला पुरतो, पंख्याची गरज पडत नाही. म्हणून पंखा आणि इंजिन यांच्यामध्ये क्लच टाकतात. त्याच्या पोटात घट्ट सिलिकॉन तेल असतं, पुढच्या तोंडाला दोन धातूंची एक गुंडाळलेली पट्टी असते. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की पट्टी वळते, आतली झडप उघडते, तेल खाचांमध्ये शिरतं आणि पंख्याला ओढायला लागतं. हवा थंड झाली की तेल परत मागे, पंखा मोकळा. किती साधी आणि हुशार गोष्ट! ना सेन्सर, ना वायर. या गाडीत झडप उघडीच अडकली होती, म्हणजे पंखा चोवीस तास फुल.

आता तो काढायचा. काही गाड्यांत क्लच चार बोल्टवर असतो, तिथे प्रश्न नाही. या इंजिनात तो वॉटर पंपाच्या हबवर एकाच मोठ्या नटने बसवलेला होता, आणि तो नट गंजून हबशी एकजीव झालेला. उस्तादांनी आधी गाडी पूर्ण थंड होऊ दिली आणि बॅटरीची वायर काढून ठेवली, कारण हात पंख्यात असताना कुणी चुकून सेल्फ मारला तर बोटं जातील. मग रेडिएटर आणि पंखा यांच्यामध्ये जाड पुठ्ठा सरकवला. पाना निसटला तर रेडिएटरच्या जाळीला भोक पडायला वेळ लागत नाही. त्यानंतर त्यांनी पाना लावलाच नाही, टॉर्च घेऊन नुसते आटे बघत बसले. पंप ज्या दिशेने फिरतो त्या हिशोबाने आटे असे पाडलेले असतात, की इंजिन चालताना नट सुटण्याऐवजी आवळतच जावा. म्हणजे कुठल्या इंजिनात सुलटे, कुठल्यात उलटे. दिशा न बघता जोर लावला तर नट आणखी बसतो, नाहीतर पंपाचा शाफ्टच तुटतो.

दिशा कळल्यावर त्यांनी नटाच्या कडेने थोडं थोडं डिझेल सोडलं. हो, डिझेलच! गंज सोडवायला आपल्याकडच्या गॅरेजमध्ये पहिलं औषध तेच. पितळी हातोडीने नटाच्या सहाही बाजूंना हलकं ठोकलं, म्हणजे गंजाची पकड सैल होऊन तेल आत जिरावं. ते रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी पट्टा पुलीवर तसाच ताणलेला ठेवून एकाने पुलीच्या बोल्टवर आडवी पट्टी अडकवून ती धरली, नटावर लांब दांड्याचा चपटा पाना बसला आणि दांड्याच्या टोकावर हातोड्याचा एकच कडक घाव. पान्याला पाइप लावून हळूहळू जोर का नाही लावायचा, हे मला तेव्हा कळलं. सावकाश ओढलं की पुली पट्ट्याखाली घसरून नटाबरोबरच फिरते, सगळा जोर वाया. अचानक घाव घातला तर पुली आणि शाफ्ट यांचं स्वतःचं वजनच त्यांना क्षणभर जागेवर धरून ठेवतं आणि धक्का फक्त नटाला बसतो. इनर्शिया! फर्स्ट इयरला मेकॅनिक्समध्ये शिकलो ते. तिसऱ्या-चौथ्या घावाला टक्‌ असा आवाज आला आणि नट हलला. एका पोराने गॅसची ज्योत लावून बघू म्हटलं होतं, तर उस्तादांनी त्याला सरळ बाजूला केलं. शेजारीच वॉटर पंपाचं सील असतं आणि क्लचमध्ये तेल असतं, दोन्ही उष्णतेने खराब होतात. नंतर पंखा आणि त्याच्याभोवतीचं कव्हर एकदमच वर उचलून बाहेर काढलं, कारण एकेकटं काढायला जागाच नसते. हबचे आटे तारेच्या ब्रशने चकाचक केले, नवीन क्लच उभाच ठेवून आणला (आडवा ठेवला तर आतलं तेल सरकतं) आणि आट्यांना ग्रीसचा अगदी पातळ हात दिला.

दीड दिवस गेला. आणि हे सगळं कशासाठी, तर इंजिनातली जास्तीची उष्णता बाहेर फेकायला. आजचं चांगलं ट्रक इंजिन तेलातल्या उष्णतेपैकी साधारण ४० टक्क्यांचं काम करतं. उरलेली एक्झॉस्टमधून आणि रेडिएटरमधून जाते. आपल्या लॅबमध्ये हीट बॅलन्स शीट करतो ना, त्यातला कूलिंग वॉटरचा कॉलम. डिझेलच्या १८९३ च्या हिशेबात तो कॉलम शून्य होता!

तर परत ऑग्सबर्गला. तिथल्या मशीन फॅक्टरीचे प्रमुख हाइनरिष फॉन बुझ यांनी डिझेलला जागा आणि माणसं दिली, क्रुप कंपनीने पैशाची बाजू उचलली. १० ऑगस्ट १८९३ ला पहिली चाचणी झाली. इंजिन कारखान्याच्या पट्ट्यावर फिरवलं, तेल सोडलं, आणि आत खरंच स्फोट झाला. इतका जोरात की दाब मोजायचा इंडिकेटरच फुटून त्याचे तुकडे उडाले. कुणी दगावलं नाही. इंजिन स्वतःहून चाललं नाही, पण हवा दाबून तेल पेटतं एवढं मात्र सिद्ध झालं.

त्याच वर्षात डिझेलला कळून चुकलं की टेंपरेचर स्थिर ठेवून ज्वलन ही गोष्ट कागदावरच ठीक आहे. तसं केलं तर इंजिनातून निघणारं काम स्वतःचं घर्षण भागवण्यातच संपेल. त्याने दाब खाली आणला, २५० वरून शेवटी ३०-३५ अॅटमॉस्फिअरच्या आसपास. तेल जास्त सोडलं, टेंपरेचर वाढू दिलं, आणि ज्वलनाच्या वेळी दाब साधारण स्थिर ठेवला. हीच ती आपली आडवी रेषा. टेंपरेचर वाढू दिल्यावर मग सिलिंडरभोवती पाणीही खेळवावं लागलं. ज्याला त्याने दारातून आत येऊ दिलं नव्हतं, ते कूलिंग खिडकीतून आलं. नोव्हेंबर १८९३ मध्ये त्याने या बदलासाठी दुसरं पेटंट मागितलं, पण पहिलं चुकलं होतं असं चारचौघांत मोकळेपणी म्हटलं नाही. माझ्या मते त्याच्या आयुष्यातली सगळ्यात महाग गप्प बसण्याची गोष्ट हीच असेल.

१७ फेब्रुवारी १८९४ चा प्रसंग मला फार आवडतो. इंजिन नेहमीप्रमाणे कारखान्याच्या पट्ट्याने फिरवलं जात होतं. जवळ उभ्या फिटरच्या लक्षात आलं की पट्ट्याची ताणलेली बाजू बदलली आहे. म्हणजे आता पट्टा इंजिनाला ओढत नव्हता, इंजिन पट्ट्याला ओढत होतं! त्याने काही न बोलता डोक्यावरची टोपी काढली. मिनिटाला ८८ फेरे, आणि तेही जेमतेम मिनिटभर. पण चाललं. ज्याने ते सगळ्यात आधी ओळखलं तो ना प्रोफेसर होता ना मालक, पट्ट्याकडे बघून यंत्राची नाडी ओळखणारा माणूस होता. आमच्या उस्तादांच्या जातकुळीतला म्हणा ना.

त्यानंतर बरोबर तीन वर्षांनी, १७ फेब्रुवारी १८९७ ला, म्युनिकच्या प्रोफेसर मोरिट्झ श्रोटर यांनी अधिकृत चाचणी घेतली. एक सिलिंडर, बोअर २५० मिलिमीटर, स्ट्रोक ४०० मिलिमीटर, ताकद साधारण १८ हॉर्सपॉवर. दर हॉर्सपॉवरला तासाला २३८ ग्रॅम तेल. कार्यक्षमता २६.२ टक्के. सत्तरच्या स्वप्नापुढे हा आकडा छोटा वाटेल, पण तेव्हाच्या जगात याच्या जवळपास फिरकणारं दुसरं इंजिन नव्हतं.

मग पैसा धो धो आला. अमेरिकेतल्या हक्कांसाठी अडॉल्फस बुश या बिअरवाल्या उद्योगपतीने दहा लाख मार्क मोजले. डिझेलने म्युनिकमध्ये आलिशान बंगला बांधायला घेतला. पण चाचणीत चालणं वेगळं आणि गिऱ्हाइकाकडे रोज चालणं वेगळं. केम्प्टनच्या काडेपेटीच्या कारखान्यात १८९८ मध्ये पहिलं इंजिन लागलं आणि ते सारखं बिघडायला लागलं. ऑग्सबर्गमध्ये डिझेलच्या नावाने जो वेगळा कारखाना काढला होता, त्याची इंजिनं गिऱ्हाइकं परत पाठवू लागली. एकीकडे पेटंटचे खटले. डोकेदुखी, झोप नाही. १८९८ च्या अखेरीस चाळिशीतला हा माणूस म्युनिकजवळच्या एका सॅनेटोरियममध्ये भरती झाला. इंजिन सुधारलं ते नंतर, ऑग्सबर्गच्या इंजिनिअरांनी चिकाटीने एकेक भाग दुरुस्त करत नेला तेव्हा.

डिझेलला हे इंजिन मुळात कुणासाठी हवं होतं, हेही सांगायला हवं. वाफेचं इंजिन परवडायचं ते बड्या कारखानदारालाच, त्यामुळे वडिलांसारखे छोटे कारागीर बुडत होते. त्यांच्या वर्कशॉपमध्ये मावेल असं छोटं, काटकसरी इंजिन त्याला द्यायचं होतं. १९०३ मध्ये त्याने समाजव्यवस्थेवर एक पुस्तकसुद्धा लिहिलं, कामगारांनीच आपापसांत निधी उभारून कारखाने चालवावेत असं सांगणारं. पुस्तकाकडे कुणी फारसं बघितलं नाही. आणि इंजिनं गेली भलत्याच दिशेला. वीजकेंद्रं, पाणबुड्या, जहाजं. १९१२ मध्ये सेलँडिया हे डॅनिश जहाज डिझेलवर महासागरात उतरलं आणि जगभर गाजलं. त्याला हवं होतं ते छोटं इंजिन आपल्याकडे मात्र पोचलं, खूप उशिरा का होईना. पुण्यात १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनी निघाली आणि तिची इंजिनं शेतकऱ्यांच्या विहिरींवर जाऊन बसली. गावाकडे विहिरीवर इंजिन बसवलंय म्हटलं की ते कुठलं, हे विचारायची गरज पडायची नाही.

जाता जाता एक गोष्ट. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. २००० नंतर आपल्याकडे जट्रोफाच्या बायोडिझेलवर जे ढीगभर सेमिनार झाले, त्यांची खापरपणजी ही.

ट्रकचं स्वप्न त्यानेही पाहिलं होतं. १९०८ च्या सुमारास त्याने स्वित्झर्लंडमध्ये गाडीसाठी छोटं इंजिन करून पाहिलं. पण त्या काळी तेल सिलिंडरमध्ये फवारायला खूप दाबलेली हवा लागायची, आणि ती हवा पुरवायला प्रत्येक इंजिनाला एक कंप्रेसर जोडावा लागायचा. कारखान्यात किंवा जहाजात तो खपतो. गाडीत तो ठेवणार कुठे?

बंगल्यातली परिस्थिती एव्हाना बिकट होत चालली होती. जमिनींच्या व्यवहारात आणि तेलाच्या विहिरींमध्ये गुंतवलेला पैसा बुडाला होता. नवीन इंजिनांचे पैसे येत नव्हते, कारण मूळ पेटंटची मुदत संपली होती. नोव्हेंबर १९१२ मध्ये त्याने बर्लिनला जहाजबांधणीच्या इंजिनिअरांसमोर आपल्या इंजिनाच्या जन्माची हकीकत सांगितली. तिथे काही प्रोफेसर उठले आणि तोच जुना मुद्दा काढला. पेटंटात लिहिलेलं इंजिन आणि प्रत्यक्ष चालणारं इंजिन एक नाही, मग हे इंजिन तुमचं कसं? मुद्दा अगदीच खोटा नव्हता, हेच त्यातलं दुखणं. पण हवा दाबून तेल पेटवणं ही कल्पना आणि चार वर्षं मशीनशी केलेली झटापट, ही दुसऱ्या कुणाची होती? त्याने ही हकीकत १९१३ मध्ये पुस्तकरूपाने छापली. टीका करणारं एक अख्खं पुस्तकही त्याच वर्षी निघालं, आणि त्यात त्याच्या इंजिनाला दंतकथाच म्हटलं होतं.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी तो अँटवर्पहून ड्रेस्डेन नावाच्या बोटीने इंग्लंडला निघाला, एका कंपनीच्या मीटिंगसाठी. बरोबर दोन परिचित होते. तिघे जेवले, डेकवर फिरले, दहाच्या सुमारास आपापल्या केबिनमध्ये गेले. सकाळी सव्वासहाला उठवा असं त्याने सांगून ठेवलं होतं. सकाळी केबिन रिकामी. अंथरुणाला हातही लागलेला नव्हता, रात्रीचे कपडे काढून ठेवलेले, घड्याळ दिसेल असं टांगलेलं. डेकच्या मागच्या बाजूला कठड्याखाली त्याची टोपी आणि नीट घडी केलेला ओव्हरकोट सापडला. वय ५५. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि देह परत पाण्यात सोडला. गोळ्यांची डबी, पाकीट, चाकू आणि चष्म्याचं घर. व्लिसिंगेन गावी धाकट्या मुलाने, ऑयगेनने, त्या वस्तू वडिलांच्याच असल्याचं ओळखलं.

तेल कंपन्यांनी मारलं, जर्मन हेरांनी मारलं, अशा कहाण्या तेव्हापासून चालू आहेत आणि टीव्हीवर अजूनही रंगवून सांगतात. निघण्याआधी त्याने मार्थाला एक बॅग दिली होती आणि पुढच्या आठवड्यापर्यंत ती उघडू नको म्हणून सांगितलं होतं. ती उघडल्यावर आत रोख रक्कम निघाली, आणि बँकेची खाती जवळजवळ रिकामी असल्याचे कागद. मला हेरांपेक्षा ते कागद जास्त बोलके वाटतात.

ट्रकचं काम त्याच्या पश्चात इतरांनी पुरं केलं. दाबलेल्या हवेऐवजी तेलच पंपाने दाबून फवारायची युक्ती जमली आणि तो अवजड कंप्रेसर गेला. १९२३ मध्ये बेंझने डिझेल ट्रक बनवला. १९२४ मध्ये एमएएनने आणला, म्हणजे ऑग्सबर्गच्या त्याच कारखान्याच्या कंपनीने, जिथे फिटरने टोपी काढली होती. १९२७ पासून बॉशने इंजेक्शन पंप कारखान्यात ढिगाने बनवायला सुरुवात केली आणि पुढच्या काही वर्षांत युरोपातल्या मोठ्या ट्रकमधून पेट्रोल इंजिन हळूहळू बाहेर पडलं. १८९७ च्या चाचणीचं ते एक सिलिंडरचं इंजिन म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये उभं आहे. चांगलं दोन पुरुष उंच आहे, आणि सिलिंडरभोवती पाण्याचं जॅकेट आहे.